नोंदीत ‘उचलला’

आमच्या शेजाऱ्याला सगळा मजला नोंदोबा म्हणतो. कचेरीत फोनची यंत्रणा सांभाळतो. यंत्रणा मुक्त, म्हणजे कुणीही आतून उघडावी आणि हवी तशी बदलावी. कोणी, कधी, किती सेकंद फोन केला, उचलला की नाही, सगळं याच्या तक्त्यात. लिफ्टमध्ये भेटला तरी सांगणार, "काकू, माणूस थापा मारतो, नोंद मारत नाही."

"बायको तुझं किती ऐकते, त्याचीही नोंद ठेव की," मी म्हणायचे.

"तिथे सगळे 'न उचललेले'च!"

मग त्याची आई गेली. एकटी राहायची, सकाळी न्हाणीघरात पडली. पाठ असलेले दोनच नंबर, लेकाच्या कचेरीचा आणि लेकीचा. त्याची धाकटी बहीण संध्याकाळी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. आईच्या हातात फोन तसाच होता.

आठवड्याने बहीण याच्याकडे आली. मी चहा घेऊन गेले. खरं सांगायचं तर कान घेऊन गेले.

"दादा, तिने तुला फोन लावला होता का?"

खोटं बोलेल तर नोंदोबा कसला? कचेरीतून छापून आणलेला कागद त्याने पुढे केला. दहा चाळीस. आईचा नंबर. 'उचलला'. सहा मिनिटं बारा सेकंद.

"सहा मिनिटं बोललास आणि गेला नाहीस?"

"मी नाही उचलला गं. यंत्राने उचलला. न उचललेले फोन फार दिसतात म्हणून साहेब रागवायचे. मग मीच पहिल्या घंटीला यंत्राने उचलावा असं करून ठेवलं. पुढे माणूस ओळीत थांबतो, पण नोंदीत 'उचलला'. त्या दिवशी तिच्यापुढे बारा जण होते. माझ्या टेबलावर घंटी वाजलीच नाही."

"मग तसं या कागदावर कुठंय?"

"आधी यंत्र, मग ओळ, मग माणूस, अशी पायरीपायरीची नोंद वेगळी असते. जागा खाते म्हणून बंद केली होती. मीच."

"वा! पाहुण्यांसमोर मारे सांगायचास, नोंद थापा मारत नाही. आता तुझं खरं मानू की तुझ्या नोंदीचं?"

त्याची बायको मध्ये पडली, "वन्सं, अहो, ते आठवडाभर जेवले नाहीत."

"यंत्राने उचलावा असं मी करून ठेवलंय, त्याचा कागद आणतो," तो म्हणाला, आणि स्वतःच थांबला. आणून उपयोग काय? यंत्रणा उघडून हवं ते लिहिणारा हाच. बहिणीला सांगावंही लागलं नाही.

तिने कागदाची घडी घातली. मग तिने विचारलं, "ओळीत थांबलेल्याला काय ऐकू येतं?"

"बासरी. आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाला एक वाक्य. 'कृपया थांबा, आम्ही लगेच येतो आहोत.'"

"कुणाच्या आवाजात?"

नोंदोबाने मान खाली घातली. "पैसे वाचावेत म्हणून... माझ्याच."

"म्हणजे ती तुझ्याशी बोलत होती, दादा," बहीण म्हणाली. "म्हणूनच तिने मला फोन केला नाही."