रेघेवरची गाडी

आमच्या बाबांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. कुलपांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हे परवडू नये, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण आधीच रडकुंडीला आलेला असतो. दार बंद, किल्ली आत, गॅसवर दूध. बाबा त्याला आधी झापतात आणि मग कुलूप उघडून देतात. लोक दोन्ही मुकाट्याने घेतात.

असा हा माणूस आमच्या वस्तीच्या शर्यतीत दर वर्षी शेवटचा येतो, तेही ठरवून. शर्यत साधीच. सभागृहापासून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत यायचं. कोणी धावतं, कोणी चालतं, कोणी बाळाची गाडी ढकलत येतं. एका वर्षी शिवणकाम करणारी एक बाई सगळ्यांत मागून आली. लोक हसले आणि ती पुन्हा कधी आलीच नाही. बाबांच्या ते डोक्यात गेलं. तेव्हापासून ते सगळ्यांच्या मागे चालतात, म्हणजे शेवटचा नंबर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येतच नाही. लोकांनी त्यांचं नाव पूर्णविराम ठेवलं. पूर्णविराम आला की रस्त्याच्या कडेने बांधलेली फीत गुंडाळायची, खुर्च्या उचलायच्या, रस्ता मोकळा करायचा. मागे कोणी राहिलंय का, हे बघायची कुणाला गरजच वाटत नाही.

यंदा आत्या यायला तयार झाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याच घरात राहते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती डावा पाय ओढत चालते, आणि तेव्हापासून तिने बाहेर पडणंच सोडलं होतं. खिडकीशी बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची. बाबांनी तिच्या इतकं मागे लागून तिला तयार केलं की शेवटी ती चिडूनच हो म्हणाली.

"येते. पण मी शेवटची आले आणि लोकांनी कीव करून टाळ्या वाजवल्या, तर पुन्हा घराबाहेर पाऊल टाकणार नाही. सांगून ठेवते."

"मी मागे असताना तू शेवटची कशी येशील, ताई?"

यंदा शर्यतीचा कारभार वस्तीतल्या जिमवाल्याने हातात घेतला होता. त्याने माईक आणला, स्वतःच्या हसऱ्या तोंडाचे फलक लावले, आणि सभागृहातल्या कपाटात बक्षिसं ठेवून त्याला कुलूप घातलं. तिथे चोर कोण येणार होता, देव जाणे. ऐन वेळी किल्ली अडली, तर या पठ्ठ्याने दंड दाखवायला ती अशी पिळली की अर्धी आतच मोडली. मग गाडी काढून निघाला बाबांना आणायला. बाबा तेव्हा टाकीपाशी आत्याच्या दोन पावलं मागे होते.

"काका, बसा लवकर. लगेच परत आणून सोडतो."

बाबा नाहीच म्हणत होते. आत्याच म्हणाली, "जा रे, नाहीतर हा इथेच बोंबलत बसेल. मी येते हळूहळू."

मी शेवटच्या रेघेशी पाण्याचे पेले भरत होते. जिमवाल्याने गाडी आणली आणि थेट पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर उभी केली, कारण तिथून दार जवळ. बाबा उतरून तणतणत आत गेले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पूर्णविराम आला. गाडीतून आला, याचंसुद्धा कुणाला काही वाटलं नाही. फीत सुटली, खुर्च्यांवर खुर्च्या चढल्या, कोपऱ्यावरचा अडसर निघाला आणि वाहनं सुरू झाली. मी ओरडत होते की माझी आत्या अजून रस्त्यावर आहे. फीत गुंडाळणारी बाई मलाच समजावायला लागली, "अगं, तुझे बाबा आत आहेत ना? मग झालं की." मला तिच्या अंगावर पाणी ओतावंसं वाटलं.

बाबांनी कपाट उघडलं. जिमवाला लगेच बक्षिसं घेऊन फोटो काढायला उभा राहिला. परत सोडायचं त्याच्या गावीही नव्हतं. बाबा बाहेर आले आणि त्यांनी मोकळा रस्ता बघितला. ते पळत सुटले. बाबांना पळताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मीही मागे गेले.

आत्या कोपऱ्यावर भिंतीला हात लावून उभी होती. एका टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून तिला कडेला व्हायला लावलं होतं.

"ताई, आलो बघ मागे."

"मागे कुठला? तू तर पुढून आलास." तिने भिंतीवरचा हात काढला. "चल घरी. झाली माझी शोभा."

"रेघ ओलांड, मग जाऊ."

"कुठली रेघ? मला तर गाडी दिसतेय."

बाबा वळून तडक रेघेवरच्या गाडीपाशी गेले. खिशातून तार काढली आणि जिमवाल्याच्या गाडीचं दार उघडलं. गाडी किंचाळायला लागली. बाबांनी आत हात घालून ब्रेक सोडला, गियर काढला आणि मला म्हणाले, "ढकल." मी सगळा राग हातात आणून ढकललं. फीतवाली बाईही खाली मान घालून हात लावायला आली.

जिमवाला धावत आला. "काका, दुसऱ्याची गाडी उघडणं हा गुन्हा आहे."

"मग बोलव पोलिसांना. त्यांना रेघही दाखव."

आत्या पाय ओढत रेघेपर्यंत आली. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. आत्याने नुसतं बघितलं आणि ते हात खाली गेले. बाबा तिच्या मागे त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले. ती पुढे जाईना.

"ती फीत बांध परत," ती जिमवाल्याला म्हणाली. त्याने हातातलं बक्षीस खाली ठेवून बांधली.

मग ती बाबांकडे वळली. "आता तू हो पुढे."

"ताई, मी मागे..."

"पुढे हो म्हणते ना. शेवटची मी येणार. यंदा, आणि पुढच्या वर्षीही. मी यायच्या आधी ही फीत कोण सोडतं, बघतेच."

बाबा रेघेच्या पलीकडे गेले. इतकी वर्षं शेवटी येणारा माणूस, त्याला पुढे जाऊन उभं कसं राहायचं तेही कळेना. आत्याने उजवा पाय रेघेपलीकडे टाकला, आणि मग डावा त्या फक्कीतून ओढत नेला.