पायाळूची कंबर

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडं अशा माणसाच्या मागं एक काम आपोआप लागतं. कुणाच्या कंबरेत चमक भरली, की त्याला पालथं निजवायचं आणि पाठीला तीनदा डावा पाय लावायचा. मुखेड तालुक्यातल्या ज्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, तिथं वीस वर्षं सकाळी सकाळी माझ्या दारात वाकलेली माणसं येत आली. वर्गात अंधश्रद्धेवर बोलायचं आणि घरी येऊन पाय लावायचा. हसायचं त्यानं खुशाल हसावं. लोकांना गुण यायचा आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेतलं कपाट सरकवताना माझ्याच कंबरेत कट्कन वाजलं. तिसऱ्या दिवशी कुल्ल्यापासून डाव्या पावलापर्यंत अशी कळ उठू लागली की चहाचा कप घेऊन उभं राहणंही जमेना.

"लोकाला तुझ्या पायाचा गुण येतो अन् तूच आडवी पडलीस व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "थांब माय, लोहा गावाकडं एक म्हातारा हाय पायाळू. बोलावून घेते."

मला नको म्हणता आलं असतं. पण मग ज्यांच्या ज्यांच्या पाठीला मी पाय लावला, त्या सगळ्यांना मी इतकी वर्षं काय केलं, हा प्रश्न उरला असता. त्याला तोंड द्यायचा धीर नव्हता. मी मुकाट्यानं पालथी झाले.

म्हातारा आला तो संकोचतच. "म्याडमला पाय लावू? लई पाप लागंल," म्हणत आधी माझ्याच पाया पडला. दोनदा त्यानं पाय अगदी हलका टेकवला. तिसऱ्यांदा त्याचा तोल गेला आणि त्याचं सगळं वजन माझ्या कंबरेवर आलं. कळ थेट पायाच्या अंगठ्यात जाऊन आदळली. तो बिचारा रडायच्या बेतात, आणि मीच त्याला "असू द्या बाबा, असू द्या" म्हणत मनातल्या मनात स्वतःला शिव्या हासडत होते. संध्याकाळपर्यंत पावलाची वरची बाजू बधिर झाली.

नांदेडला एमआरआय काढला. पन्नाशी आली तरी मी स्वतःचा कणा कधी पाहिला नव्हता. एकावर एक मणके, मध्ये मऊ गाद्या, त्यांच्या मागून खाली उतरणारा नसांचा झुबका. वर्गात सांगाड्याचा तक्ता किती वेळा टांगला असेल, पण हे माझं होतं, आणि इतकं नेटकं होतं की क्षणभर मी दुखणं विसरले. खालून दुसरी गादी तेवढी मागं सरकून नसेवर रेलली होती.

तिथल्या सर्जननी ऑपरेशन सुचवलं. आमच्या ह्यांना ते लगेच पटलं. सासूबाईंनी मात्र धोशा लावला, "मणक्याला सुरी लावू नको माय, अंथरुणाला खिळशील." दोघांच्या ओढाताणीला कंटाळून मी म्हटलं, लातूरला आणखी एकदा दाखवू. गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन गेले. प्रत्येक खड्डा मोजला.

लातूरच्या डॉक्टरबाईंनी माझा अंगठा वर उचलायला लावला आणि वरून बोटानं दाबला. "ताकद थोडी कमी आहे, पण आहे," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन केलं तर कळ लवकर जाईल. थांबलात तर काही आठवडे सोसावं लागेल. बऱ्याच जणांच्या बाबतीत बाहेर आलेला तो तुकडा शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं. सगळ्यांच्या नाही. अंगठा लुळा पडला किंवा लघवीचं भान गेलं, तर एक ताससुद्धा घरी काढायचा नाही. उशीर झाला तर पाऊल पुन्हा उचलेलच असं नाही."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी विचारलं.

"पाय तुमचा आहे. ठरवा तुम्ही."

आठ दिवस सगळं घर बोलत होतं, आणि आता ठरवायचं मला एकटीला होतं. "सहा आठवडे थांबते," मी म्हणाले. मला भयंकर भीती वाटत होती.

मग रोज सकाळी चहाच्या आधी अंगठ्याची परीक्षा. मी उचलायचा, ह्यांनी दाबायचा. एके दिवशी तो फारच सहज वर राहिला.

"नीट दाबा."

"दाबून राहिलो ना."

"न्हाई. फसवून राहिलात मला."

 मग त्यांनी खरोखर दाबला आणि अंगठा खाली गेला. चहा तसाच राहिला. लातूरला फोन केला. तपासायला जाऊन आलो. ताकद होती तेवढीच होती.

तिसऱ्या आठवड्यात पावलातली कळ गेली. मग पोटरीतली, मग मांडीतली. दुखणं खालून वर एकेक खोली रिकामी करत निघालं होतं. मी गोळ्या घेत होते, सांगितलेले व्यायाम करत होते, पण खरं काम आत कुणीतरी मला न विचारता करत होतं. एवढं विज्ञान शिकवूनही मी थक्क झाले. आणि मग कळलं, ती वाकून येणारी माणसंही अशीच आपली आपण बरी होत होती. माझा पाय नुसता साक्षीला होता.

सहा आठवड्यांनी पुन्हा लातूर. ऑपरेशन लागलंच तर असावी म्हणून ह्यांनी कपड्यांची पिशवी आणली होती. डॉक्टरबाईंनी अंगठा दाबला. मग म्हणाल्या, "टाचांवर उभ्या राहा. भिंतीपर्यंत चाला."

मी चवडे उचलले. पहिल्या पावलाला डावा चवडा जमिनीला लागणार असंच वाटलं. लागला नाही. दुसऱ्यालाही नाही. भिंतीला हात टेकला तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी वळून तशीच टाचांवर परत आले.

"पुरे, पुरे," डॉक्टरबाई म्हणाल्या. तरीही मी आणखी एक फेरी मारली.