हिरडीवाले साडू

दातांच्या डॉक्टरने दातांकडे ढुंकूनही बघू नये, हा पराक्रम अख्ख्या जालना जिल्ह्यात एकट्या आमच्या साडूंच्या नावावर आहे. माणूस समोर आला की ते त्याच्या हिरड्या बघतात. घनसावंगीला एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरीच्या बापाला म्हणाले, पोरीची हिरडी बिलकुल झकास आहे. बापाला वाटलं, पाहुण्याने खोट काढली. त्याची समजूत घालता घालता माझं जेवण निवलं. हसल्यावर हिरडी किती दिसते हे पाहायला ते पेशंटला खुर्चीतच हसायला सांगायचे. तोंडात बोटं असताना कोण हसणार? मग साडू विनोद सांगायचे, आणि दाढदुखी परवडली असं पेशंटला व्हायचं.

वीसेक वर्षांपूर्वी आमची ही हसनाबादच्या स्टँडवर पाय घसरून पडली आणि समोरचा दात गेला. तेव्हापासून ती तोंडाला पदर लावल्याशिवाय हसेना, आणि हिचं हसणं म्हणजे आमच्या घरातला निम्मा आवाज. त्यात लेकीचं लग्न ठरलेलं. साडूंनी पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवला, तो चार महिन्यांत पक्का झाला. आता वर दात चढवला की सुटलो, असं मला वाटलं. पण साडूंनी एक तात्पुरता दात लावला, तोही चावताना धक्का लागू नये म्हणून आखूड, आणि दर पंधरा दिवसांनी बोलावून त्याच्या मुळाशी दात भरायचा कणभर मसाला चढवू लागले. त्याने म्हणे हिरडी हळूहळू सरकते आणि दाताभोवती कमान धरते. प्रत्येक खेपेला ते आरसा धरून बघणार, मान हलवणार आणि पुढची तारीख देणार. मला ती कमान एकदाही दिसली नाही.

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मी तोंड सोडलं. दुसरा कुणीही डॉक्टर दोन दिवसांत दात बसवून देईल, असंही सुनावलं. साडू आरसा पुसत म्हणाले,

"बसवून तर मी बी देतो. पन हिरडी अजून भरली न्हाई, मंग मधी काळी फट ऱ्हाईल. लग्न एक दिवसाचं हाय साडूभाऊ, अक्काला जन्मभर हसायचंय."

"बराबर बोलून राह्यलेत ते," ही म्हणाली. झालं, माझं कोण ऐकतं!

लग्नाच्या एकाही फोटोत ही हसलेली नाही. सगळीकडे ओठ घट्ट मिटलेले. मी पुढे दोन महिने साडूंशी बोललो नाही. कायमचा दात बसला तेव्हा लेक सासरी रुळलीसुद्धा होती.

परवा लेक आली होती. तिने सासरचा काहीतरी किस्सा सांगितला आणि ही तोंडभर हसली. मी निरखून पाहिलं, पण खोटा दात कोणता ते ओळखू येईना. हिला विचारलं, तर तिलाही जीभ फिरवून बघावं लागलं. साडूंची नजर आता अधू झाली आहे, दवाखाना बंद केलाय. खोटा दात ओळखू येत नाही, हे सांगायला म्हणून त्यांना फोन लावला आणि नुसती ख्यालीखुशाली विचारून ठेवून दिला. ते फोटो पाहिले की मला अजून राग येतो. पण हा माणूस मला फार आवडतो, आणि एवढ्या वर्षांत ते त्याला सांगणं काही मला जमलं नाही.