जाऊबाईंच्या टेबलावरचा प्रिंटर

ऑफिसात त्यांना सगळे जाऊबाई म्हणत. आधी त्या नुसत्या बाई होत्या. अहवाल टाइप करणाऱ्या, चष्मा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग त्यांच्याच शब्दावर साहेबांनी त्यांच्या धाकट्या जावेला कामावर घेतलं, पहिल्याच आठवड्यात दोघींची जुंपली, आणि हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

ऑफिस म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या. गाड्यांच्या टकरी, यंत्रात सापडलेले हात, मोडलेल्या बरगड्या, असल्या अपघातांचे अहवाल विमा कंपनीसाठी इथे तयार होत. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीने इंटरनेट बंद करून टाकलं होतं, आणि मोबाइल दाराशी पत्र्याच्या पेटीत ठेवूनच आत यावं लागे. प्रिंटर एकच. तो जाऊबाईंच्या कॉम्प्युटरला जोडलेला. दुसऱ्या कुणी प्रिंट दिली की त्यांच्या पडद्यावर चौकोन उघडायचा. त्यांनी हो म्हटलं तरच कागद बाहेर यायचा.

घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. इथे मात्र त्यांच्या बोटाशिवाय पान हलत नव्हतं. दाढीवाल्या सर्व्हेयरची प्रिंट त्या लगेच सोडायच्या. धाकटीची अडवून धरायच्या.

"ताई, तेवढी एक सोडा ना. साहेब थांबलेत."

"थांबू देत. माझे हात काय रिकामे आहेत?"

धाकटी भराभर काम शिकली होती, साहेब तिचं कौतुक करत, हे एक कारण. दुसरं जाऊबाईंना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. घरी भिंतीपलीकडे दीर बायकोला मारायचा. आधी आवाज चढायचा, मग काहीतरी आदळायचं, मग धाकटीचा दाबलेला हुंदका. इकडे जाऊबाईंचा नवरा टीव्ही मोठा करायचा आणि जाऊबाई भांडी घासायला घ्यायच्या, घासलेलीसुद्धा. सकाळी तीच धाकटी बाही मनगटापर्यंत ओढून समोर बसली की जाऊबाईंना तिचाच राग यायचा. मार खाते आणि वर कामही करते, याचा राग.

मारायला निमित्त बहुतेक वेळा फोनचंच असे. दिवसभर उचलत का नाहीस? जाऊबाईंनी एकदा सांगून पाहिलं, "भाऊजी, तिथे फोन आत नेऊच देत नाहीत. माझाही पेटीतच असतो."

"वहिनी, तुम्ही यात पडू नका," दीर म्हणाला.

त्या पडल्या नाहीत.

एके दिवशी प्रिंटरमध्ये कागद अडकला. धाकटीने झाकण उघडून आत हात घातला.

"हात काढ. मी बघते."

"निघालाच ताई, एक मिनिट."

जाऊबाईंनी झाकण दाणकन आपटलं. चुकून नाही, बोटं आत आहेत हे त्यांना दिसत होतं. धाकटी हात पोटाशी धरून खालीच बसली. दाढीवाल्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "झाकण पडलं."

संध्याकाळी नवऱ्यालाही तिने तेच सांगितलं. त्याला ते पटलं नाही. कुणाशी झोंबाझोंबी केलीस, म्हणून त्याने तिला भिंतीवर आपटलं. इकडच्या फळीवरचे डबे हलले. जाऊबाईंचं नाव घेतलं असतं तर ती कदाचित सुटली असती. तिने घेतलं नाही. जाऊबाई उठून दारापर्यंत गेल्या.

"बस गं," नवरा म्हणाला. "त्यांचं ते बघून घेतील."

त्या परत येऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र धाकटीचे कागद त्या मागितल्याबरोबर सोडू लागल्या.

मग एका दुपारी पेटीतला धाकटीचा फोन वाजायला लागला. थांबायचा, पुन्हा वाजायचा. साहेब बाहेर गेले होते. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि पेटी लाथेसरशी उलटी झाली. दीर आत आला तेव्हा बायकोचा फोन त्याच्या हातातच होता.

"हा बाहेर पेटीत, आणि तू आत. कुणाबरोबर?"

धाकटी प्रिंट उचलायला आली होती. त्याने तिची वेणी धरली आणि तोंड प्रिंटरच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. दात तुटून कागदांवर पडले. दाढीवाला खुर्चीतून उठला तो उभाच राहिला.

"भाऊजी, सोडा तिला."

त्याने न बघताच कोपर मारलं. जाऊबाईंचा चष्मा फुटला. त्याने धाकटीचं डोकं पुन्हा मागे ओढलं, तेव्हा जाऊबाईंच्या हाताला पंच लागला. जाड फायलींना भोकं पाडायचा, लोखंडी, चांगला वजनदार. तो त्यांनी वेणी धरलेल्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. तो ओरडत वळला आणि दुसऱ्या हाताने त्याने त्यांचा गळा धरला. दुसरा घाव त्याच्या डोक्यात बसला. तो गुडघ्यांवर आला.

"वहिनी," म्हणत त्याने धड असलेला हात वर केला.

त्यांनी तिसरा घाव कानावर घातला. "सोड म्हटलं होतं ना तुला?" आयुष्यात पहिल्यांदा त्या दिराला अरेतुरे करत होत्या. हात परत वर गेला, तेव्हा धाकटीने मागून त्यांना कवळ घातली. तिच्या तोंडातलं रक्त त्यांच्या खांद्यावर सांडत होतं.

"ताई, पुरे. मरेल तो."

"मरू दे," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांची मूठ सोडवायला दाढीवाल्याला पुढे यावं लागलं.

दीर वाचला. त्याचा कान मात्र कायमचा गेला. जाऊबाईंना पोलिसांनी नेलं. नवरा कोठडीशी आला तो जामिनासाठी नाही.

"माझ्या भावावर तुझा हात कसा उठला?"

"ती रोज रडायची. तुम्हाला टीव्हीमुळे ऐकू आलं नसेल."

जामीन साहेबांनी दिला. खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊबाई धाकटीला म्हणाल्या, "ते झाकण मी मुद्दाम आपटलं होतं."

"ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. दात गेल्यामुळे तिचे शब्द जरा घसरत. "आत काय बोलायचं ते लक्षात ठेवा."

वकिलाने पढवलं होतं: पहिले दोन घाव बचावाचे, तिसरा झालाच नाही. दाढीवाला तसं सांगायला तयार होता. पण जाऊबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिसराही मारला. तेव्हा तो खाली बसला होता."

"मग का मारलात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"थांबावंसं वाटलं नाही."

वकिलाने कपाळाला हात लावला. दिराला त्याच्या खटल्यात मोठी शिक्षा झाली. जाऊबाईंनाही काही महिने आत काढावे लागले.

सुटल्यावर साहेबांनी त्यांना परत घेतलं नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही. आता त्या शिवणकामाच्या कारखान्यात कापड मोजतात आणि धाकटीच्या भाड्याच्या खोलीत राहतात. नवरा अधूनमधून येऊन जिन्याखाली उभा राहतो. वर ये म्हटलं तर येत नाही, जा म्हटलं तर जात नाही. धाकटी त्याला खाली चहा नेऊन देते. जाऊबाईंना ते मुळीच खपत नाही, आणि त्यावरून दोघींचे खटके उडतात.