सुलभाची आंबील

सकाळी ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि रात्री भिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा आंबूस वास घरभर पसरला. माझी मुलगी नाक मुरडत म्हणाली, "आई, हे नासलंय. ओतून देऊ?"

मी एकदम कॉलेजच्या दिवसांत गेले. रत्नागिरीत मांडवीला एका खोलीत आम्ही दोघी भाड्याने राहायचो. सुलभा मंडणगडकडची. रोज पहाटे किनाऱ्यावर अनवाणी धावायची आणि आल्यावर अशाच आंबवलेल्या पिठाची आंबील करून ताक घालून प्यायची. मी चहा-खारीवर दिवस काढायचे आणि वर तिचीच थट्टा करायचे.

विद्यापीठाच्या शर्यतीच्या दिवशी ती अंघोळीला गेली होती. तेवढीच मदत म्हणून मी भांडी घासायला काढली आणि तिचं पीठ नासलं समजून मोरीत ओतलं. ती आली, रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिली. "अगो, नासलं नव्हतं, मुद्दाम आंबवलं होतं," एवढंच म्हणाली आणि माझ्या दोन खारी खाऊन धावायला गेली. चौथी आली.

आता ही माझ्याशी बोलायची नाही, असं मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने माझं पांघरूण ओढलं. "ऊठ गो. आज दोघींचं भिजवलंय."

तेव्हा मला ती नुसती भोळी वाटली. एकोणिसाव्या वर्षी तिला जे जमलं, ते मला पन्नाशीतही जमत नाही.

मी मुलीच्या हातातून पातेलं घेतलं. "राहू दे. त्यात तुझंही आहे."