संदीपनं शर्टाची बटणं सोडली

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून घरी आले आणि चहाही न घेता तुम्हाला सांगायला बसले.

माझ्या बहिणीचा मुलगा संदीप खकनारकडे केळी पिकवतो. त्याच्या बायकोला, कविताला, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढीशी. गावाहून बुऱ्हानपूरला आणेपर्यंत बाळ गार पडलं होतं. खरं सांगते, मी तर आशाच सोडली होती.

बाळ जरा सावरल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "आता हिला कुणीतरी उघड्या छातीशी धरा. अंगाची ऊब हवी तिला." कविता तापानं फणफणलेली. संदीपनं शर्टाची बटणं सोडली.

माझी बहीण लाजली. "अरे, इतक्या बायांसमोर?"

"पाहू दे ना आई. पोरगी माझी आहे."

तेव्हापासून तो लेकीला छातीशी धरून तसाच बसतो. आज डबा घेऊन गेले, तर हा आडदांड गडी श्वाससुद्धा जपून घेत होता. "मावशी, हळू बोल ना व. आत्ताच झोपली."

कविताचा ताप आता उतरलाय. आज बाळ पहिल्यांदा आईच्या अंगावर प्यायलं. डॉक्टर म्हणाले, असंच पीत राहिली तर लवकरच घरी न्या. संदीप भिंतीकडे तोंड करून रडला.

मग बाळ पुन्हा त्याच्या छातीशी आल्यावर बहिणीनं हात पुढे केले. "दे आता, आजीकडे दे."

"थांब ना आई, थोडा वेळ अजून."

तुमच्याकडे नवं बाळ आलं की बापाच्या हाती कधी देता हो?