कुलथे सरांच्या गाडीची डिपस्टिक

माझ्या गॅरेजमधल्या रफिकने डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, दाबून बसवली. ॲक्सिलरेटर दिला. ती पुन्हा वर आली.

"साहेब, आत प्रेशर साठतंय."

गाडी गंगापूर रोडच्या कुलथे सरांची. सर निवृत्त शिक्षक. इंजिनातून तेल गळत होतं. आधीच्या गॅरेजने इंजिन उतरवायला सांगितलेलं, मुलाने पुण्याहून फोनवर गाडी विकायला. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

"विकायची नाही हो," सर म्हणाले. "हिचं सगळं फिरणं याच गाडीत झालं." सरांच्या पत्नी वर्षापूर्वी गेल्या होत्या.

मी तेलाचं झाकण उघडलं. आत लोण्यासारखा पांढरट थर.

इंजिन चालताना थोडा धूर आणि पाण्याची वाफ पिस्टनच्या बाजूने खाली उतरते. तिथून एक पाइप ती ओढून पुन्हा जाळायला पाठवतो. पाइप तुंबला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. हा पाइप त्याच थराने बुजला होता.

"सर, गाडी चालवता किती?"

"रोज! पूजा झाली की पाच मिनिटं सुरू ठेवतो. मग कोपऱ्यावर दूध आणायला. एक दिवस चुकवलेला नाही."

"तेच नडलं. इंजिन तापायच्या आत तुम्ही बंद करता. वाफेचं आतच पाणी होतं."

"म्हणजे काळजी घेऊन मीच बिघडवली?"

रफिक हसला. "घेतली, सर. जरा जास्तच."

त्याने पाइप आणि त्यावरचा व्हॉल्व्ह साफ केले, सील आणि तेल बदललं. डिपस्टिक जागेवर राहिली. सरांनी माझ्याच टेबलावरून फोन करून गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं.

"आता रोज सुरू करू नका. आठवड्यातून एकदा तीसेक किलोमीटर, घोटीपर्यंत न्या, म्हणजे इंजिन नीट तापेल."

"घोटीला माझं कोण आहे?"

"चहा घ्या, परत या."

"कुठे जायचं ते हीच ठरवायची," सर म्हणाले आणि चावी घेऊन निघाले.

पुढच्या सर्व्हिसिंगला झाकण आतून स्वच्छ होतं.

"जाता वाटतं घोटीला?"

"दर रविवारी. चहावाला सुरुवातीला विचारायचा, किती देऊ? आता न विचारता एक ठेवतो."

तेव्हापासून जॉब कार्ड भरताना मी किलोमीटरच्या खाली एक प्रश्न जास्तीचा विचारतो: एका दमात किती लांब जाता?